बरोबरीची चाल

वर्षभर रोज संध्याकाळी न चुकता चालूनही ओस्मोचं वजन वाढलं, तेव्हा नर्स मार्केतानं आधी काट्यावरच संशय घेतला. तिनं त्याला खाली उतरवलं, काटा बुटाच्या टोकानं जरा सरकवला आणि पुन्हा वर चढवलं. काटा आपल्या मतावर ठाम राहिला.

"चालता ना खरंच?"

"हो."

"कुठं?"

"भुशाच्या वाटेवर."

हेलसिंकीच्या उत्तरेकडच्या हामे प्रांतातल्या त्या गावात एवढं सांगितलं की पुरतं. गावामागच्या पाइनच्या रानातून लाकडाचा भुसा अंथरून केलेली एक गोल वाट जाते. कडेनं दिव्यांचे खांब आहेत. तब्येत सुधारायची म्हणून गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी तिथं जाऊन आलेला असतो. बर्फ नसेल तेव्हा ती वाट चालणाऱ्यांची आणि पळणाऱ्यांची, बर्फ पडला की स्कीवाल्यांची. हिवाळ्यात त्या वाटेवर बुटांचे ठसे उमटवणाऱ्याबद्दल गाव जे बोलतं, ते चोरांबद्दलही बोलत नाही.

"चालताना बोलता येतं का तुम्हाला?" मार्केतानं विचारलं. "सोपी परीक्षा आहे. धाप न लागता बोलता आलं की चाल बरोबर. गाणं म्हणता आलं तर तुम्ही आळस करताय. आणि शब्दच फुटेना, तर जरा दमानं घ्या."

ओस्मोनं विचार केला. "सांगता येणार नाही. कधी बोलून पाहिलेलं नाही."

"एकटेच चालता?"

"नाही. एक जण असतो बरोबर."

"मग?"

"मग काय?"

मार्केतानं चष्मा काढून पुसला. ती कारेलियाची होती. तिकडची माणसं बसथांब्यावर अनोळखी माणसाशीसुद्धा बोलतात. "नाव काय त्या बरोबरच्याचं?"

"ते कधी निघालं नाही."

"वर्षभर?"

"मधे स्कीचा हंगाम होता," ओस्मो म्हणाला. तेव्हा ते दोघं रस्त्याच्या कडेनं चालायचे, पण तो तपशील त्यानं गाळला. उगाच गैरसमज वाढला असता.

मार्केतानं रक्ताचा अहवाल त्याच्यासमोर धरला. साखर उंबरठ्याशी येऊन उभी होती. "शरदात परत या. वजन उतरलं नाही तर गोळ्या सुरू. आणि हो, त्या माणसाशी जरा बोला हो. तब्येतीसाठी म्हणून तरी बोला."

ओस्मोच्या वडिलांच्या पायाची बोटं साखरेनं एकेक करून नेली होती. म्हातारा शेवटी मोजे घालताना शिट्टी वाजवायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्यामुळं गोळ्या हा शब्द ओस्मोला नुसता गोळ्यांइतका छोटा वाटत नसे.

तो नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होता. जमिनीखालून कुठला पाइप कुठं जातो याचे नकाशे त्याच्या ताब्यात असत. पाइप फुटला की सगळ्यांना त्याची आठवण यायची, आणि गावातले पाइप चांगले होते. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी तांपेरेला निघून गेली होती. भांडण वगैरे झालं नव्हतं. तेच तिचं भांडण होतं.

बरोबरच्या माणसाची गाठ पडली ती निव्वळ अडचणीतून. गेल्या वसंतात एका संध्याकाळी ओस्मोच्या पुढं राखाडी लोकरी टोपी घातलेला, एक गुडघा किंचित ताठ असलेला, आडव्या बांध्याचा माणूस चालला होता. त्याची चाल ओस्मोच्या चालीइतकीच होती. नेमकी तेवढीच. मागं टाकावं तर त्यासाठी पळावं लागलं असतं, आणि माणसं म्हणाली असती की ह्याला काय झालं. मागं राहावं तर पाठलाग केल्यासारखं दिसणार. दोन फेऱ्या ओस्मो त्याच्या पाठीकडं बघत चालला आणि घामाघूम झाला. तिसऱ्या फेरीत टोपीवाला वाटेच्या एका कडेला सरकला आणि दुसरी कडा मोकळी ठेवली. ओस्मो त्या मोकळ्या जागेत आला. झालं. त्यानंतर वेगळं चालायचं म्हटलं तर काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. म्हणून दोघं वर्षभर बरोबर चालले.

अगदीच मुके होते असं नाही. वारा असला की टोपीवाला म्हणायचा, "वारा आहे." ओस्मो म्हणायचा, "हं." वारा नसला की हे राहायचं.

चालून झालं की वाटेच्या तोंडाशी असलेल्या स्कीक्लबाच्या लाकडी कँटीनमध्ये दोघं खिडकीशी बसायचे. सिर्का न विचारता दोन कप कॉफी आणि साखरेत लोळवलेले दोन डोनट आणून ठेवायची. डोनट गरम असायचे. खाऊन झालं की दोघंही बोटांची साखर ताटलीत झटकायचे आणि बाहेर पडायचे. टोपीवाला डावीकडं, ओस्मो उजवीकडं. ओस्मो सकाळी कचेरीत नकाशाची पहिली गुंडाळी उलगडायचा ती या अर्ध्या तासाच्या दिशेनंच. असं त्यानं स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं, पण दुपार कलली की तो खिडकीतून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा.

नर्सनं सांगितलं म्हणून त्या संध्याकाळी त्यानं परीक्षा घ्यायचं ठरवलं. अख्खी एक फेरी वाक्य जुळवण्यात गेली.

"मी आता बोलतोय," तो म्हणाला.

टोपीवाल्यानं त्याच्याकडं पाहिलं नाही. पण तो ऐकत होता हे टोपीवरून कळत होतं.

"नर्सनं सांगितलंय. धाप लागते का ते बघायला."

बरंच अंतर गेलं. "लागतेय?"

"नाही."

"मग ठीक." आणि पुढच्या वळणानंतर, "मलाही नाही लागत."

विषय संपला असं ओस्मोला वाटलं. पण कँटीनमध्ये डोनट अर्धा झाल्यावर टोपीवाला आपणहून बोलायला लागला.

"मी लिफ्ट दुरुस्त करायचो," तो कॉफीला उद्देशून म्हणाला. "हेलसिंकीला. माणसं आत अडकली ना, की बोलायला लागतात. वर्षानुवर्षं एकाच इमारतीत राहणारी माणसं. मी वरच्या मजल्यावर तारा जोडत असायचो, मला सगळं ऐकू यायचं. कुणाची पोरं, कुणाचं ऑपरेशन. एकदा तर हसत होती." त्यानं साखर झटकली. "लिफ्ट चालू झाली की गप्प. दार उघडलं की एकमेकांकडं न बघता निघून जायची. मला वाईट वाटायचं. कधी कधी मी मुद्दाम जरा वेळ लावायचो."

एवढं लांब भाषण ओस्मोनं नगराध्यक्षांच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. सिर्का काउंटरमागं कप पुसायची थांबली होती. ओस्मोला वाटलं, आपणही काहीतरी द्यायला हवं. पाइपांबद्दल. हिवाळ्यात जमिनीखाली पाणी वाहतं त्याचा रस्त्यावर कान लावला तर आवाज येतो, आणि तो रात्री एकटा असताना कधी कधी असा कान लावून बसलेला आहे, असं काहीतरी. पण ते त्याच दिवशी बोलणं उतावळेपणाचं दिसलं असतं. त्यानं वाक्य तयार करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं. दुसऱ्या दिवशी टोपीवाला वाऱ्याबद्दलही बोलला नाही. कालच्या बोलण्याची त्यालाच लाज वाटत असावी. वाक्य तसंच राहिलं.

इकडं कचेरीत यार्कोला वजनाची बातमी लागली. यार्को ओस्मोचा साहेब, वयानं बराच लहान. त्याच्या मनगटावर एक घड्याळ होतं जे वेळ सोडून बाकी सगळं सांगायचं.

"चालता?" यार्को म्हणाला. "काय राव ओस्मो! चालणं म्हणजे कुत्र्याला बाहेर काढणं. आणि तुमच्याकडं तर कुत्रंही नाही."

"डॉक्टर लोक म्हणतात चालणं चांगलं."

"म्हाताऱ्यांना म्हणतात. त्यांना दुखवायचं नसतं म्हणून. पळा हो! तेवढ्याच वेळात दुप्पट चरबी जळते. आणि घरी जाऊन बसलात तरी जळत राहते. मी तर झोपेतही जळतो."

"गुडघे?"

"गुडघे वापरले तर टिकतात. तुमचे नकाशे घड्या घालून ठेवलेत म्हणून फाटतात ना, तसं आहे ते."

नकाशे गुंडाळून ठेवलेले होते, घड्या घालून नाही, पण साहेबाला ते काय माहीत असणार. ओस्मोनं घरी कॉम्प्युटरवर शोध घेतला. निम्मे लोक म्हणत होते की पळण्यासारखं दुसरं काही नाही. उरलेले म्हणत होते की तेवढंच अंतर चाललात तर हिशेब फारसा वेगळा येत नाही, चालणारा उशिरा पोचतो इतकंच. सांधे टिकतात, सवय टिकते. पळण्याच्या बाजूनं सगळ्यात जोरात मांडलेला मुद्दा हा होता की वेळ वाचतो. ओस्मो त्यावर बराच वेळ थांबला. वाचलेल्या वेळात करण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं.

पण शिट्टी वाजवत मोजे घालणारा म्हातारा डोळ्यांपुढून हलेना. जूनमध्ये त्यानं पळायचे बूट आणले.

आता टोपीवाल्याला सांगायला हवं होतं. सांगणं अवघड नव्हतं. 'उद्यापासून मी पळणार आहे', इतकंच. पण मग टोपीवाल्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. 'हरकत नाही' म्हणावं लागलं असतं, आणि त्याची हरकत असली तर? किंवा तो 'मीही येतो' म्हणाला असता, तो ताठ गुडघा घेऊन. भल्या माणसाला असल्या पेचात टाकणं ओस्मोला बरं वाटेना. न सांगितलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. त्या गावात याला सौजन्य म्हणतात.

तर एका संध्याकाळी टोपीवाला नेहमीच्या वेळी वाटेच्या तोंडाशी आला, वाटेची एक कडा मोकळी ठेवून चालू लागला, आणि ओस्मो त्या मोकळ्या कडेनं त्याच्या शेजारून पळत निघून गेला.

जाताना त्यानं हात वर केला. टोपीवाल्यानंही केला. वाट गोल असल्यामुळं पळणारा चालणाऱ्याला पुन्हा गाठणारच, हे ओस्मोच्या ध्यानात आलं नव्हतं. नकाशे सांभाळणाऱ्या माणसाच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. दुसऱ्यांदा गाठलं तेव्हा दोघांनी माना हलवल्या. तिसऱ्यांदा दोघांनीही एकाच वेळी वेगवेगळ्या झाडांकडं पाहिलं. पळून झाल्यावर ओस्मोचा चेहरा बीटासारखा झाला होता आणि त्या अवतारात कँटीनमध्ये बसणं शक्य नव्हतं. तो तडक घरी गेला. जाताना खिडकीतून दिसलं, सिर्कानं दोन कप मांडले होते.

असे काही दिवस गेले. मग टोपीवाला यायचा बंद झाला.

पहिल्या दिवशी ओस्मोला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. आठवड्यानं तो प्रत्येक वळणावर पुढं बघत पळायला लागला. राखाडी काही दिसलं की छाती धडधडायची, पळण्यानं नव्हे. एकदा तो दगड निघाला. ओस्मोनं स्वतःशी निकाल लावला की तो माणूस रागावला. आणि रागावलेल्या माणसाच्या मागं लागणं बरं दिसत नाही.

उन्हाळाभर तो एकटा पळाला. दिवस न मावळणारे होते, वाटेवर माणसं होती, सगळी कानांत काहीतरी घालून. कोरडा घसा घेऊन घरी यायचा, उभ्यानं ताक प्यायचा आणि खिडकीत बसायचा. वाचलेला वेळ खरोखरच वाचत होता. घरात त्याचा ढीग झाला होता.

शरदात तो काट्यावर चढला, आणि मार्केता ओरडलीच. "अरे वा! अर्धा माणूस कुठं सोडून आलात?"

"पळतो आता."

"आणि खाण्यात काय बदल केलात?"

"काही नाही."

"काहीच नाही? नीट आठवा. नुसत्या पळण्यानं इतकं उतरत नाही, सांगून ठेवते. माणसं पळतात आणि घरी जाऊन बक्षीस म्हणून केक खातात."

ओस्मो आठवायला लागला, आणि मग आठवायचं थांबला. "कँटीन," तो म्हणाला. "चाललो की डोनट असायचा. एक. रोज."

"साखरेतला? सिर्काच्या हातचा?" मार्केतानं दोन्ही हात आकाशाकडं नेले. "अहो, तो एकटा डोनट तुमचं अख्खं चालणं परत भरून काढत होता! तुम्ही वर्षभर चाललात आणि जागच्या जागी राहिलात! पळणं-चालणं ठेवा बाजूला, डोनट सुटला म्हणून वजन सुटलं."

"म्हणजे चाललो असतो तरी चाललं असतं?"

"झकास चाललं असतं. तुमच्या वयाला तर चालणंच बरं. ते गुडघे बघा कसे सुजलेत. जा, चाला. कॉफी प्या. डोनट दुसऱ्याला द्या."

बाहेर येऊन ओस्मो आरोग्य केंद्राच्या पायरीवर उभा राहिला. गोळ्या टळल्या होत्या. आता कुणाला तरी सांगावं असं वाटलं, आणि सांगण्यासारखा माणूस एकच डोळ्यांपुढं आला. त्याचं नाव, पत्ता, आडनाव, काही माहीत नव्हतं. गावात लिफ्टसुद्धा मोजक्याच होत्या, त्याची चौकशी करायची कुणाकडं?

बर्फ पडायच्या आत गाठायला हवं होतं. एकदा वाट स्कीवाल्यांकडं गेली की तो माणूस कुठल्या रस्त्याच्या कडेनं चालतोय हे कोण शोधणार.

तो कँटीनमध्ये गेला. काउंटरपाशी उभं राहून त्यानं टेबलांकडं बघितलं, मग छताकडं. "तो राखाडी टोपीवाला," शेवटी म्हणाला, "येतो का?"

"आर्वो?" सिर्का म्हणाली. "येतो की. सकाळचा येतो आता. तुम्ही कामावर असता तेव्हा." ती कप पुसत राहिली. "मी म्हटलं होतं त्याला, अरे, विचार तरी. म्हणाला, माणसाला मोकळं पळू दे."

आर्वो. म्हणजे नाव होतं, आणि ते सिर्कालाही माहीत होतं. ओस्मोनं दुसऱ्या दिवशीची रजा टाकली. इतक्या वर्षांत त्यानं आजारी न पडता टाकलेली ती पहिलीच रजा असावी. यार्कोनं "काय राव, मॅरेथॉन का?" असं विचारलं, तेव्हा तो "काम आहे" एवढंच म्हणाला.

सकाळी वाटेवर दहिवर गोठलेलं होतं, भुसा पायाखाली करकरत होता. ओस्मो जुने चालायचे बूट घालून आला होता. दुसऱ्या वळणाला त्याला टोपी दिसली. तीच राखाडी. आणि टोपीच्या शेजारी, मोकळ्या कडेला, पिवळ्या जाकिटातली एक बाई.

बाई बोलत होती. दोन्ही हातांनी बोलत होती. आणि आर्वो हसत होता.

"...मग मी म्हटलं जावयाला, बाबा रे, सॉना तुझा, पण पाठ माझी आहे, जरा जपून पाणी टाक त्या तापल्या दगडांवर!"

"हेल्वी, तू पण ना," आर्वो म्हणाला. लिफ्टवाल्या भाषणाचा आवाज होता, तोच, फक्त आता तो कॉफीशी बोलत नव्हता.

ओस्मो मागं चालत राहिला. चाल अजून बरोबरीची होती, अंतर कमी होत नव्हतं आणि वाढतही नव्हतं. वाट दोघांपुरतीच रुंद होती. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. पण मग पुन्हा रजा टाकणं आपल्याच्यानं होणार नाही हेही त्याला कळत होतं. त्यानं घसा खाकरला.

आर्वोनं मागं पाहिलं आणि थांबला. हेल्वीही थांबली. तिघं थंडीत उभे राहिले, तोंडातून वाफा सोडत.

"वजन उतरलं," ओस्मो म्हणाला.

"दिसतंय," आर्वो म्हणाला. "बरं झालं."

"पळायची गरज नव्हती. डोनट होता."

आर्वोनं ते ऐकून घेतलं. हेल्वी एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती.

"मला वाटलं तुम्ही रागावलात," ओस्मो म्हणाला. आयुष्यात कुणाला त्यानं असं काही म्हटलं नव्हतं. धाप लागल्यासारखं झालं.

"नाही हो." आर्वोनं टोपी मागं सारली. "मला वाटलं, तुम्हाला माझ्या शेजारून जायला अवघड होतंय. सारखं हात काय करायचा. म्हणून सकाळचं धरलं."

"मला तुमचं नाव माहीत नव्हतं. नाहीतर विचारलं असतं."

"तुमचं माहीत होतं मला. खात्याचं जाकीट घालायचात ना तुम्ही. छातीवर लिहिलंय. ओस्मो, पाणीपुरवठा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग एखादी हाक..."

आर्वोनं बुटाच्या टोकानं भुसा सारखा केला. "तुम्ही पळत होतात," तो म्हणाला.

तिघं चालू लागले. दोघं पुढं आणि एक मागं असं करून भागेना, म्हणून हेल्वी मधेच कडेच्या गवतातून चालायला लागली. मग ओस्मो म्हणाला "मी चालतो गवतातून", मग आर्वो म्हणाला "नको, मला सवय आहे", आणि थोडा वेळ तिघंही गवतातूनच चालले. हेल्वीनं जावयाची गोष्ट पुरी केली. गोष्ट चांगली होती. ओस्मो योग्य ठिकाणी हसला. पाइपांच्या आवाजाचं वाक्य त्याला आठवलं, वसंतापासून तयार होतं. पण ते तिघांत बोलायचं वाक्य नव्हतं.

कँटीनपाशी आल्यावर आर्वोनं दार धरलं. आत खिडकीशी तेच टेबल होतं, दोन खुर्च्यांचं. सिर्कानं काचेतून बघितलं आणि कोपऱ्यातली तिसरी खुर्ची ओढायला निघाली. ती ओढताना मोठा आवाज झाला, आणि आतली माणसं वळून बघायला लागली.

"येता ना?" आर्वो म्हणाला. "कॉफी तरी."

त्याला खरोखरच ओस्मो यायला हवा होता. ते तोंडावर दिसत होतं. इतकं स्पष्ट दिसत होतं की ओस्मोला ते बघवेना.

"कामावर जायचंय," तो म्हणाला.

शब्द आपोआप आले. ते खरे नाहीत हे त्याला दार मिटल्यावर कळलं.

"हो, हो," आर्वो लगेच म्हणाला होता. "काम काय, करायलाच हवं." आणि त्यानं हात वर केला होता.

आता घराकडं वळणं शक्य नव्हतं. खिडकीतून रस्ता सरळ दिसायचा, उजवीकडं घर आणि डावीकडं कचेरी. ओस्मो डावीकडं वळला. पाठीवर खिडकी आहे हे जाणवत होतं, म्हणून त्यानं वळून बघितलं नाही, आणि काम असलेल्या माणसासारखी झपझप पावलं टाकली. पुलाजवळ खिडकी नजरेआड झाली. तिथून परत फिरता आलं असतं. पण घरी जाऊन काय करायचं ते सुचेना, आणि कँटीनमध्ये परत जायचं तर आधी जे बोललो ते खोटं होतं हे सांगावं लागलं असतं.

कचेरीत यार्को कॉफीयंत्रापाशी उभा होता. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओस्मो? रजा होती ना तुमची?"

"होती."

"काम झालं?"

ओस्मोनं जाकीट काढून खुंटीला अडकवलं, छातीवरचं नाव भिंतीकडं करून. "झालं," तो म्हणाला.

मग तो आपल्या खोलीत गेला, गावाचा मोठा नकाशा टेबलावर उलगडला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, आणि कुठला पाइप फुटलाय का म्हणून फोनकडं बघत बसला.